तापला की सोडतो

घोड्याचा लगाम तुटला तरी घोडा कड्याच्या काठाशी आपणहून थांबतो. यंत्र थांबत नाही, कारण यंत्राला स्वतःचा जीव प्यारा नसतो. एवढी साधी गोष्ट आमच्या खोऱ्यातल्या काही माणसांना अजून कळलेली नाही. ते गाडीला जनावरासारखं वागवतात. चुचकारतात, शिव्या देतात, कुरकुरली की हाताला येईल ते तिला चोपडतात.

कानिशाय सकाळपासून मागच्या चाकाशी झटत होती. मोटारसायकल तिच्या आजोबांची, शार्शेनबायची. सोव्हिएत काळातली, शेजारी पाळणा जोडलेली. साइडकारला आमच्याकडे पाळणाच म्हणतात. याच पाळण्यातून तिची आई जिपार पुलाखालच्या दगडांवर फेकली गेली, तेव्हा कानिशायला नीट बोलताही येत नव्हतं. म्हाताऱ्यानं गाडी गोठ्यामागच्या खोपटात ढकलली, कुलूप ठोकलं आणि किल्ली गळ्यात बांधली. गेल्या वर्षी मयताला अंघोळ घालणाऱ्यांनीच ती काढली.

उद्या म्हाताऱ्याचा आश होता. वर्षाची मेजवानी, सगळं खोरं जेवायला, आणि नंतर घोड्यांची शर्यत. शर्यतीचं पहिलं बक्षीस म्हाताऱ्याची मोटारसायकल, असं थोरला मुलगा मेलिस चारचौघांत बोलून बसला होता. मग त्यानं बिश्केकला आपल्या मुलीला, कानिशायला, फोन केला, "चालती करून दे." ती तिथं परदेशी लोकांच्या जुन्या मोटारसायकली दुरुस्त करते. जिच्यावर आई मेली ती गाडी लेकीच्या हातून दुरुस्त करून घ्यायची, यात काही वावगं आहे हे मेलिसच्या डोक्यात आलं नाही. आमच्या पुरुषांच्या डोक्यात असलं काही येत नसतं. ते ओझं बायकांनी वाहायचं.

"पुढचा ब्रेक झाला," कानिशाय हात पुसत म्हणाली. "केबल आतून गंजली होती, बदलली. मागच्याचंच काही कळत नाहीये."

ऐकणारा एकच होता. तिचा काका सापार, पालथ्या बादलीवर बसलेला. काल तो रशियातल्या नोवोसिबिर्स्कहून आला होता. तिथं बाजारात पोती उतरवतो. त्या दिवशी गाडी तोच चालवत होता, एकोणीस वर्षांचा. त्यानंतर त्यानं कुठल्याच गाडीच्या हँडलला हात लावला नाही.

दारात सावली पडली. मेलिस.

"कानिशाय, त्याला सांग, इथं बसून राहू नको म्हणावं. लाकडं फोड."

सापार त्याच्यापासून दोन हात अंतरावर बसला होता. तो म्हणाला, "कानिशाय, त्यांना सांग, लाकडं फोडून झाली."

"आणि हेही सांग, उद्या शोक करणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही. पाहुण्यांचे घोडे धरायचे."

"मी काय टेलिफोनवाली आहे?" कानिशाय पाना आपटत म्हणाली. "मेलिस-आके, समोर बसलाय तो. बहिरा नाही."

आईबापाविना वाढलेली नव्हे ती. बाप होताच की, पण थोरलं नातवंड आजीआजोबांचं ही आमची रीत. तिनं आजीला आपा, म्हणजे आई, म्हटलं, आजोबांना आतके, म्हणजे बाबा, म्हटलं, आणि सख्ख्या बापाला मोठ्या भावासारखं मेलिस-आके.

मेलिस निघून गेला. सापारनं काडीनं जमिनीवर एक रेघ ओढली आणि पायानं पुसली.

"आपानं बोलावलं म्हणून आलो," तो म्हणाला. "दफनाच्या वेळी कोणी कळवलंसुद्धा नाही. वाटलं, निदान आशला तरी रांगेत उभा राहीन. काठी हातात घेऊन बापाच्या नावानं एकदा रडेन. तेवढंच हवंय. घर नको, काही नको."

घर खरं तर त्याचंच. धाकट्यानं बापाच्या चुलीपाशी राहायचं, ही रीत. पण ज्यानं भावजय मारली त्याला कसली रीत? मेलिस त्या घरात राहत होता, दुसरी बायको करून. रीत पाळायची कधी आणि मोडायची कधी, हे आमच्यात नेहमी घरात बसलेला माणूस ठरवतो.

कानिशाय पुन्हा चाकाकडे वळली. मागच्या ब्रेकचं तिनं शिकली होती तसं एकेक केलं होतं. चाकाचे आरे कुणीतरी एका बाजूनं जास्त आवळलेले होते, त्यामुळे ड्रम अंडाकृती झालेला. ते सैल करून पुन्हा सारखे ओढले. मग ड्रमच्या आत खडू फासला, चाक फिरवून ब्रेक दाबला, उघडून पाहिलं. ब्रेक-शूवर खडू फक्त मधोमध उमटला होता, म्हणजे टोकं टेकतच नव्हती. कानस मारून ती बसती केली. आतली ब्रेक दाबणारी कॅम सुकून अडकत होती, ती मोकळी केली. शूवरचं लायनर, ड्रमला घासणारं अस्तर, जुनंच होतं, अपघाताच्या दिवसाचं. नवं मागवलं होतं, पण घाटात बर्फ पडल्यामुळे पोचलं नाही. पेट्रोलनं धुऊन, पॉलिश कागदानं घासून तेच बसवलं. दाबला की ब्रेक कचकन धरत होता.

"आता उतारावर बघते," ती म्हणाली.

सापार उठून बाहेर गेला. त्याला ते बघायचं नव्हतं.

*

अंगणात कालबूबू, म्हाताऱ्याची विधवा, चुलीपाशी स्टुलावर बसली होती. वर्षभराचा काळा कपडा अंगावर. उद्या दुपारी बायका तो उतरवतील, डोक्याला पांढरं बांधतील आणि तिचं रडगाणं संपेल. वर्षभर रोज सकाळी तिनं नवऱ्याच्या नावानं गायलं होतं. उद्यानंतर गायलं तर पाप. मेलेल्याला त्रास होतो म्हणे. जिवंतांना होणाऱ्या त्रासाबद्दल रीत काही बोलत नाही.

मेलिसची बायको राखात मोठ्या कढईत बोरसोक तळत होती. कणकेचे चौकोनी तुकडे फुगत होते, ती झाऱ्यानं काढून चादरीवर ओतत होती. तळणाचा वास मेलेल्यांपर्यंत पोचतो, तेवढंच त्यांचं जेवण, असं आम्ही मानतो. म्हणून मयताच्या घरी कढई थंड होऊ देत नाहीत.

"राखात," म्हातारीनं नाक वर केलं. "तुला सरकीचं तेल दिलं होतं ना?"

"तेच आहे आपा."

"मग चरबीत कोण तळतंय?"

"कुणी नाही. तुमच्या नाकाला वय झालं."

"माझ्या नाकाला काही झालं नाही. मेंढीच्या शेपटाची चरबी आहे ही. जळतेय."

राखातनं झारा ठेवला, कढईवर वाकून हुंगलं. मग वारा आला त्या दिशेला तोंड केलं, आणि तिचे डोळे बारीक झाले. "हो की. कुठून येतोय?"

वास रस्त्याकडून येत होता. कानिशाय मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये घरघरवत अंगणात शिरली आणि पुढचाच ब्रेक दाबून थांबली. मागच्या चाकाच्या तुंब्यातून धूर निघत होता.

"काय झालं?" मेलिस तंबूच्या दोऱ्या सोडून धावत आला. "जाळलीस की काय गाडी?"

"वरच्या वळणांवर छान धरत होता," कानिशाय उतरत म्हणाली. "पहिल्या वळणावर धरला, दुसऱ्यावर धरला. पुलाशी येईपर्यंत पाय खाली जाऊन टेकला, पण चाक थांबेना. थंड असताना धरतो. तापला की सोडतो."

लाकडांच्या ढिगाजवळ कुऱ्हाडीला धार लावणाऱ्या सापारच्या हातातून ती पडली.

हेच वाक्य. पोलिसांसमोर, गावातल्या वडीलधाऱ्यांसमोर, जिपारच्या माहेरच्यांसमोर त्यानं हेच सांगितलं होतं. वर धरला, पुलाशी सोडला. आणि बापानं छाती पुढे काढून म्हटलं होतं, "माझ्या गाडीचा ब्रेक ठणठणीत होता. पोरानं कुमीस ढोसला होता." दोन वाट्या प्यायला होता तो. घोडीचं आंबवलेलं दूध, आमच्याकडे शाळेतली पोरंसुद्धा पितात. पण बापाच्या शब्दापुढे पोराचा शब्द कोण ऐकतो? पुढे पुढे तर सापारलाही वाटायला लागलं, की असेल, झिंगलोच असेन. माणसाला एकच गोष्ट रोज ऐकवा. तो तुमचा साक्षीदार होतो.

"गिअरचं तेल गळलं असेल," मेलिस म्हणाला. "चाकाच्या शेजारीच आहे गिअरचा डबा. सील गेलं असेल. त्यात काय!"

"तेच मलाही वाटलं." कानिशाय खाली बसून नट सोडू लागली होती. "म्हणून सील आधीच बघितलं होतं. कोरडं आहे."

तिनं चाक काढलं. ओल्या फडक्यानं धरून ड्रम वेगळा केला. लायनरवर घाम फुटावा तसे पिवळे थेंब उभे होते. गरम होते म्हणून पातळ, पण कडेला निवतील तिथं पांढरट गोठत होते. तिनं एक थेंब बोटावर घेतला, हुंगला, आणि बोट बापासमोर धरलं.

"तेल गोठत नाही, मेलिस-आके. हे बघा. मी वरून धुतलं, घासलं, पण लायनर आतून स्पंजासारखं असतं. प्यायलेलं बाहेर येतं ते तापल्यावरच."

मेलिसनं वास घेतला नाही. घ्यायची गरज नव्हती.

"चरबी ब्रेकमध्ये कोण घालेल?" राखात म्हणाली. "इतकं येडं कोण आहे?"

"मी दिली कापून," कालबूबू म्हणाली.

*

म्हातारीनं ते बसल्या जागी सांगितलं, आवाज न चढवता, भाकरीच्या कणकेबद्दल सांगावं तसं.

"ब्रेक किंचाळायचा. वर कुरणावर गाडी आली की घोड्या बिथरायच्या. दूध काढताना लाथा झाडायच्या, पान्हा चोरायच्या. मी म्हटलं, ह्या तुझ्या भुताचं तोंड बंद कर, नाहीतर कुमीस विसर यंदा. तो म्हणाला, खोगिराचं कातडं करकरतं तेव्हा आपण काय लावतो? मी शेपटाची चरबी कापून दिली. त्यानं बोटानं माखली आतून. चांगली चोळून चोळून. आवाज बंद झाला. घोड्या शांत झाल्या. दोघं खूश झालो."

राखातची कढई करपायला लागली होती.

"दुसऱ्या दिवशी जिपारची दाढ ठणकायला लागली. मी म्हटलं, सापार, हिला खाली दवाखान्यात ने."

"आपा," सापार म्हणाला. "पुलाच्या आधी मला वास आला होता. मला वाटलं, वहिनीनं गाठोड्यात गरम मटण घेतलंय. मी तिला म्हणालोसुद्धा, दाढ दुखतेय आणि खायला काय आणलंस? ती हसली होती."

ते हसणं कानिशायनं कधी ऐकलं नव्हतं. आईबद्दल तिला मिळालेली ही पहिली खरी गोष्ट. एक फोटो होता आणि एक थडगं. आता हे. दुखऱ्या दाढेनं हसलेली बाई.

"आतकेंना माहीत होतं?" तिनं विचारलं.

"गाडी वर ओढून आणली, तेव्हा तो चाकाशी बसला," म्हातारी म्हणाली. "हात आत घातला. बोटं हुंगली. मग माझ्याकडे बघितलं. त्यानंतर त्यानं माझ्याकडे तसं कधी बघितलं नाही. कुलूप लावलं."

"आणि तू?"

"मी काय? मी चहा ठेवला."

हे ऐकून कुणाला म्हातारीची कीव आली असेल तर येऊ दे. मला येत नाही. एक तोंड उघडायचं होतं. तिनं चहा ठेवला, आणि एक पोर परक्या शहरात पोती उचलत म्हातारं झालं. पण हेही खरं, की तिनं तोंड उघडलं असतं तर तिच्यासमोर बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी एकानंही ऐकलं नसतं.

मेलिस हलला नव्हता. त्याच्या आत काय चाललं होतं ते सांगतो, कारण तो स्वतः कधी सांगणार नाही. आमच्याकडे शोक करणारे काठीवर वाकून रडतात. मेलिसची काठी म्हणजे भावावरचा राग. जिपार गेल्यापासून तो त्याच काठीवर वाकून उभा होता. दुसरं लग्न केलं ते तिच्यावर वाकून, घर घेतलं तेही. आता काठी काढून घेतली, तर राग करायला उरतो तो बाप. उद्या ज्याच्या नावानं घोडी कापायची आहे तो.

"राखात, आत जा," तो म्हणाला.

"का जाऊ? मी काय परकी आहे?" राखातनं झारा कमरेशी धरला. "माझ्या संसारात ती मेलेली बाई रोज जेवायला बसली. मला ऐकू दे ती कुणामुळे बसली ते."

"मग ऐका सगळे." मेलिसचा आवाज फाटला. "दफनाच्या वेळी इमामानं विचारलं, कसा माणूस होता? सगळं गाव म्हणालं, चांगला माणूस होता. ते झालं. शिक्का बसला. आता वर्षानं मी त्यांना काय सांगू? थांबा, चुकलं, त्यानं माझी बायको मारली आणि पोरावर ढकललं? सील गळत होतं. तेवढंच. चाक बसव."

"मीही चांगलाच म्हणालो असतो," सापार म्हणाला. "मला येऊ दिलं असतंत तर."

मेलिसनं मुलीकडे बघून म्हटलं, "त्याला सांग, उद्या घोडे धरायचे."

"आता तरी त्याचं नाव घ्या!" कानिशाय ओरडली. "एकदा! सापार म्हणा!"

"चाक बसव म्हटलं ना. गाडी उद्या बक्षिसात जाणार आहे. शब्द दिलाय मी."

"ह्या ब्रेकवर? जिंकणारा बायकोला पाळण्यात बसवून हाच रस्ता उतरेल. पुलापर्यंत धरेल तो. मग?"

"मग काय ते त्याचं तो बघेल."

बोलून गेल्यावर त्यालाही ऐकू आलं आपण काय बोललो ते. हे बापाचंच वाक्य होतं, फक्त शब्द वेगळे. पण आमच्यात बोललेलं मागे घेत नाहीत. त्याला मर्दानगी म्हणतात.

कानिशायनं दोन्ही ब्रेक-शू चिमट्यात पकडले, चुलीशी गेली आणि कढईखालच्या निखाऱ्यात टाकले. चरबी तडतडली. पिवळी ज्योत कढईच्या कडेपर्यंत चढली, दाट काळपट धूर तंबूंवरून गावाकडे पसरला.

"काढ ते!" मेलिस म्हणाला. "सगळ्या गावाला वास जाईल."

"जाऊ दे," कालबूबू म्हणाली. "तळण कशाला करतोय आपण? वास पोचायला ना? पोचू दे त्याच्यापर्यंत."

*

सकाळी लोक यायला लागले. घोड्यावरून, जीपमधून. टेकडीच्या वळणावरच पुरुष वाकायचे, "आतके, माझे आतके!" असा टाहो फोडत तंबूकडे यायचे. तंबूबाहेर मेलिस, दोन्ही बाजूंना चुलतभाऊ, काठ्यांवर वाकून तसाच टाहो फोडत होते. मागचं चाक नसलेली मोटारसायकल खोपटासमोर दगडांवर टेकवून ठेवली होती. पहिलं बक्षीस आता एक घोडी आणि शिंगरू झालं होतं. गाडीचं काय, असं विचारणाऱ्याला मेलिस म्हणत होता, "सुटा भाग मिळाला नाही."

सापार खुंट्यांच्या रांगेत पाहुण्यांचे घोडे धरून उभा होता. त्याच्याशी बोलत कोणी नव्हतं, लगाम मात्र सगळे देत होते.

आत तंबूत बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. कालबूबूचा आवाज कापडातून बाहेर येत होता. विधवेचं गाणं कोणी अडवत नाही. त्यात ती काय म्हणते हे पुरुष ऐकतातही कमीच. ते वाऱ्यासारखं असतं, चालू असलं की बरं. आधी नेहमीचं झालं. गरुड झाला, पहाड झाला. मग म्हातारीनं सूर न बदलता पुढचं लावलं.

उंच कड्यावरचा गरुड तू,
थव्याचा राखणदार तू,
घोडीचं दूध आटेल म्हणून
कळवळलास रे, धनी, तू.

शेपटाची चरबी मी कापली,
बोटानं चाकात तू माखली,
सून पुलाखाली गेली, धनी,
तू पोराची मान वाकवली.

वर्षभर काळं मी नेसले,
तुझेच गुण गात बसले,
काळं उतरतंय आज, धनी,
आज मी सारं ओकले.

बाहेर टाहो थांबला. कोणीतरी खाकरलं. जिपारच्या माहेरचा एक म्हातारा, चहाची वाटी हातात, उठून उभा राहिला आणि उभाच राहिला. तंबूतल्या बायका एकामागून एक गप्प झाल्या. मग राखातनं म्हातारीच्या शेवटच्या ओळीला आपला आवाज जोडला. तीच एकटी.

मेलिस काठीवर वाकलेला होता. तो सरळ झाला नाही. पण त्याचा डावा पाय सरकला, आणि मग उजवा. त्याच्या आणि पलीकडच्या चुलतभावाच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा झाली.

सापारनं ती पाहिली.

कानिशाय धावत खुंट्यांपाशी आली. "द्या ते लगाम. द्या इकडे. जा ना!"

"थांब."

"काय थांब? जागा केलीय त्यांनी. दिसत नाही का?"

"दिसतेय." सापारचे डोळे मोठ्या भावावर होते. "जनावर पण जागा करून देतं गं गोठ्यात. हाक मारू दे. नावानं. मी पळत जाईन, बघ तू."

मेलिसनं मान वर केली. दोघा भावांची नजर समोरासमोर झाली, जिपारच्या मातीनंतर पहिल्यांदा. मेलिसचे ओठ उघडले. "सा" इतपत त्यांचा आकार झाला होता, हे कानिशाय आजही शपथेवर सांगते.

तेवढ्यात वळणावर नवे पाहुणे आले, आठ-दहा घोडेस्वार, आणि एकदम टाहो उठला, "आतके, माझे आतके!" टाह्याला टाह्यानं उत्तर द्यावं लागतं. उघडलेल्या तोंडातून मेलिसच्या तेच बाहेर पडलं, "आतके!" आणि मान पुन्हा काठीवर गेली.

स्वार उतरले. त्यांनी सापारकडे न बघता लगाम त्याच्या हातात दिले आणि रांगेकडे गेले. हात मिळवत मिळवत मेलिसपर्यंत आले. त्याच्यापुढे रिकामी जागा दिसल्यावर त्यांना वाटलं रांग संपली, आणि ते तिथूनच जेवायला वळले.

दुपारी बायकांनी कालबूबूच्या अंगावरचं काळं उतरवलं, डोक्याला पांढरं बांधलं. तिचं गाणं संपलं. रांगेतली जागा संध्याकाळपर्यंत तशीच होती.